जिवाणू कामाला लावा, बिल मात्र खाणवाल्याच्या नावाने फाडा!



खाणीच्या कडेला ज्यांचे वावर आहे, त्यांना काळा कापूस म्हणजे काय ते समजावून सांगण्याची गरज नाही. बोंड पांढरेशुभ्र फुटते. वेचणीला चार दिवस उशीर झाला की त्यावर धूळ बसते. गाडी बाजारात नेली की व्यापारी मूठभर कापूस उचलतो, बोटे चोळून दाखवतो आणि भाव तिथल्या तिथे पाडतो. ज्वारीच्या कडब्याला जनावर नाक लावते आणि तोंड फिरवते. ओबीच्या ढिगावरून पहिल्या पावसाचे पाणी उतरते ते सरळ आपल्या धुऱ्यावर. ही सारी गाऱ्हाणी घेऊन आम्ही तलाठ्यापासून जिल्हा कचेरीपर्यंत पायऱ्या झिजवल्या. पंचनामा होतो, कागद वर जातो. वर गेलेला कागद खाली आल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता कागदाऐवजी एक नवीच गोष्ट खाली आली आहे. खाणीलगतच्या एका गावात सभा झाली. गावाचे आणि खाणीचे नाव येथे देत नाही, कारण तेथले भरपाईचे प्रकरण अजून चालू आहे. लोक जमले होते ते भरपाईचे विचारायला. साहेबांनी पडदा लावला, चित्रे दाखवली आणि सांगितले की विज्ञान आता फार पुढे गेले आहे. मातीतले विष खाऊन टाकणारे जिवाणू निघाले आहेत. ते तुमची जमीन साफ करून देतील, काळजी करू नका. टाळ्या झाल्या. चहा झाला. भरपाईचा विषय पुढच्या सभेवर गेला. मागच्या रांगेतले एक म्हातारबा तेवढे बोलले, “साहेब, जिवाणू इख खाईन, मंग आमचं कर्ज कोन खाईन?”

हसण्यावारी गेलेला हा प्रश्न आम्ही उचलला. जिवाणूंची ही विद्या काय आहे, ती कोठे चालली, कोठे चालणार नाही आणि तिचा खर्च कोणी करायचा, याची आम्ही शोधाशोध केली. तिचा निचोड या पानांवर देत आहोत. बैठकीला येण्यापूर्वी वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

विष खाल्ले जात नाही, बांधले जाते

साहेबांचे पहिलेच वाक्य चुकीचे आहे. कोणताही जिवाणू शिसे खाऊन संपवू शकत नाही. कीटकनाशकासारख्या रसायनाचे जिवाणू तुकडे करतात, त्यातला कर्ब वापरतात, विषाचे विषपण जाते. धातूचे तसे नाही. शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे, आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत. ती जाळून जळत नाहीत, कुजवून कुजत नाहीत. आज मातीत दहा किलो शिसे असेल तर जिवाणू सोडल्यानंतरही ते दहाच किलो राहणार.

मग जिवाणू करतात काय? ते धातूला पाण्यातून काढून खड्यात बसवतात. पाण्यात विरघळलेला धातू मुळातून पिकात जातो आणि झऱ्यातून विहिरीत जातो. तोच धातू न विरघळणाऱ्या खनिजाच्या कणात अडकला की मुळाला तो सहजासहजी उचलता येत नाही.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे पाकीट आपण ज्वारीच्या बियाण्याला चोळतो. जमिनीत घट्ट बसलेला स्फुरद ते सुटा करतात आणि पिकाला देतात. आज ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत त्यांचा धंदा नेमका उलटा आहे. सुटे आहे ते ते गोठवतात. एक गाठ सोडणारा, दुसरा गाठ मारणारा.

या गाठी मुख्यत्वे तीन प्रकारच्या आहेत.

पहिली गाठ चुन्याची. आपल्या वावरात नांगर फिरला की पांढरे चुनखडीचे खडे वर येतात. तसलीच चुनखडी हे जिवाणू काही दिवसांत तयार करतात. त्यांतला सर्वांत जास्त अभ्यासलेला जिवाणू म्हणजे स्पोरोसार्सिना पास्चुरी. त्याला लागतो युरिया! युरियाचे तुकडे करून तो अमोनिया आणि कार्बोनेट तयार करतो. भोवती कॅल्शियम असले की कार्बोनेटशी त्याचा संयोग होऊन कॅल्साइट, म्हणजे आपली चुनखडी, बनते. बनताना शिसे, कॅडमियम, स्ट्रॉन्शियम हेही खड्याच्या घडणीत कोंडले जातात.

दुसरी गाठ गंधकाची. गावाच्या नाल्यातला काळा गाळ काठीने ढवळला तर सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा. हवा नसलेल्या चिखलात कुजकट खाऊन ते सल्फेटचे सल्फाइड करतात. सल्फाइडला जस्त, तांबे, कॅडमियम भेटले की त्यांचे न विरघळणारे कण तळाशी बसतात. खाणीतून निघालेल्या जस्ताच्या खनिजात जे असते तेच हे जिवाणू पुन्हा तयार करतात.

तिसरी गाठ गंजाची. लोहाच्या झऱ्यावर किंवा जुन्या बोअरच्या नळीत नारिंगी चिकट थर येतो. लोह आणि मँगनीज यांचा गंज चढवणारे जिवाणू तो तयार करतात. या गंजाला आर्सेनिक आणि इतर धातू चिकटून राहतात.

आग लावणारेही जिवाणूच

ज्या जिवाणूंचे आज गोडवे गायले जात आहेत, त्यांच्याच भाऊबंदांनी खाणीचे पाणी नासवले आहे, हेही साहेबांनी सांगितले नाही. कोळशात आणि धातूच्या दगडात गंधक व लोह यांचे सोनेरी चमकणारे खनिज असते, पायराइट. जमिनीखाली हवा नसते तोवर ते निमूट बसते. खाणवाला ते उकरून ढिगावर टाकतो. हवा लागली, पाणी लागले की त्यातून गंधकाचे आम्ल सुटते. लोहावर जगणारे जिवाणू हे काम कित्येक पटीने जोरात करतात. आम्ल सुटले की ते दगडातला दुसरा धातूही विरघळवून खाली आणते. खाण बंद झाली तरी हे थांबत नाही. मालक निघून जातो, ढीग मात्र पिढ्यान्पिढ्या पाझरत राहतो.

मेघालयात जयंतिया टेकड्यांत गंधकाचे प्रमाण जास्त असलेला कोळसा उंदराच्या बिळासारख्या खाणींतून काढला गेला. तेथल्या नद्यांचे पाणी आम्ल झाले, मासे नाहीसे झाले. लुखा नदी तर हिवाळ्यात निळी दिसू लागली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली त्या पद्धतीच्या खाणकामावर बंदी घातली. बंदीने नदी धुऊन निघत नाही.

आम्ही कोणाला उगाच घाबरवणार नाही. आपल्याकडच्या कोळशात गंधक त्या मानाने कमी असते. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, ती आम्ल मारते आणि शिसे-कॅडमियमलाही बऱ्याच अंशी अडकवून ठेवते. म्हणून खाणीजवळचे प्रत्येक वावर विषारी झाले असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे. आणि एकाही वावराला काही झाले नाही असे कोणी म्हणत असेल तर तेही खोटे. कारण दोघांनीही माती तपासलेली नाही.

तपासणार तरी कशी? २०१५ साली मोठ्या जाहिरातीने जमीन आरोग्य पत्रिका आली. तीत बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसे नाही. कॅडमियम नाही. आर्सेनिक नाही. जस्त आणि तांबे आहेत, ते कमी पडले का हे पाहण्यासाठी. खाणीलगतच्या शेतकऱ्याला जी माहिती हवी तीच नेमकी त्या पत्रिकेत नाही. रोग्याची नाडी न पाहता औषधाची बाटली दाखवायची, असा हा प्रकार आहे.

युरियाचा हिशेब मांडू या

आता औषधाचा हिशेब मांडू. आपण शेतकरी, बॅगांत हिशेब करतो.

एक हेक्टर जमिनीचा वरचा सहा इंचांचा थर धरला तर त्याचे वजन सुमारे २० लाख किलो होते. त्यात जिवाणूंकडून एक टक्का चुनखडी तयार करून घ्यायची असे हिशेबापुरते धरू. म्हणजे २० हजार किलो चुनखडी. १०० किलो चुनखडीला ६० किलो युरिया लागतो. एकूण युरिया १२ हजार किलो. ४५ किलोच्या २६६ बॅगा. एका हेक्टरला!

हंगामात दोन बॅगांसाठी कृषी सेवा केंद्रापुढे रांग लावणाऱ्या माणसाला हे सांगायला जीभ कशी रेटते?

आणि युरियातले नत्र जाते कोठे? ते चुनखडीत बसत नाही. सारेच्या सारे अमोनियाच्या रूपाने मागे राहते. १२ हजार किलो युरियाचे नत्र झाले सुमारे साडेपाच हजार किलो. कोरडवाहू कपाशीला आपण हेक्टरी साठ किलोच्या आसपास नत्र देतो. म्हणजे नव्वद वर्षांचे नत्र एका दमात वावरात ओतले. त्यातले काही हवेत उडेल, उरलेल्याचे नायट्रेट होऊन विहिरीत उतरेल. बाहेरून कॅल्शियमही घालावे लागले आणि ते कॅल्शियम क्लोराइडच्या रूपाने घातले, तर वर चौदा टन क्लोराइड. शिसे बांधता बांधता जमीन खारी केली आणि विहीर नासवली.

एक टक्का चुनखडी प्रत्येक वेळी लागेलच असे नाही, धातू थोडा असेल तर कमीत भागेल. अमोनिया धुऊन गोळा करण्याचे उपायही शास्त्रज्ञ शोधत आहेत. पण हिशेबाची जात ध्यानात घ्या. ही विद्या उघड्या वावरासाठी नाही. ढिगाच्या तोंडावर पातळ कवच धरायला, उडणारी धूळ बसवायला, खनिज काढून उरलेल्या दळलेल्या गाळाच्या तलावाची वरची साय घट्ट करायला ती उपयोगी पडू शकते. ढीग कोणाचा? खाणवाल्याचा. मग तिचा प्रयोग ढिगावर व्हायला हवा. आमच्या तुरीच्या ओळीत नव्हे.

कोठे चालले?

चालले नाही असे आम्ही म्हणत नाही. चालले आहे, आणि दमदार चालले आहे.

हॉलंडमध्ये बुडेल येथे जस्ताचा मोठा कारखाना आहे. त्याच्या खालचे भूजल जस्त आणि सल्फेटने नासले होते. १९९२ सालापासून ते पाणी उपसून गंधकाची गाठ मारणाऱ्या जिवाणूंच्या टाक्यांतून नेले जाऊ लागले. जस्ताचे सल्फाइड खाली बसते, ते उचलून पुन्हा कारखान्याच्या भट्टीत घालतात. घाण होती तिचा माल झाला. हे कोठे झाले ते पाहा. कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्या टाकीत.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात पिकेट नावाची शिसे-जस्ताची जुनी, पाण्याने भरलेली खाण आहे. शास्त्रज्ञ आत उतरले तेव्हा भिंतीवर पांढुरका चिकट थर आढळला. त्यातले जिवाणू कोणी सोडले नव्हते. ते आपणहून आले होते आणि पाण्यातले जस्त गोळा करून त्याचे बारीक कण बांधत बसले होते. त्यांनी जस्त पिण्याच्या पाण्याला चालेल इतके खाली आणले होते. २००० साली हे संशोधन छापून आले. फुकट काम करणारे हे गडी निसर्गात आहेत. त्यांना हवाबंद जागा आणि कुजकट खाद्य एवढेच लागते.

आणि दूर कशाला? आपल्या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव येथील मँगनीजच्या खाणीच्या उजाड ढिगांवर काम केले. साखर कारखान्याची मळी, म्हणजे प्रेसमड, ढिगात मिसळली. नत्र बांधणारे जिवाणू आणि मुळांवर वाढणारी बुरशी सोडली. जेथे कुसळ उगवत नव्हते तेथे झाडे उभी राहिली. तेथे खनिज बांधणारे जिवाणू नव्हते, पद्धत वेगळी होती. पण आपल्या उन्हात, आपल्या पावसात, खाणीचा ढीग जिवाणूंच्या मदतीने हिरवा होतो हे घरच्या अंगणात सिद्ध झाले आहे. मग प्रत्येक ढिगावर ते का झाले नाही? विद्या नव्हती म्हणून नव्हे. करायला लावणारे कोणी नव्हते म्हणून.

कुलूप उघडते कसे?

गाठ मारली म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. मारलेली गाठ सुटते.

चुन्याची गाठ आम्लाने सुटते. गंधकाची गाठ हवेने सुटते. नाल्याचा काळा गाळ काठावर काढून वाळवला, नांगरला की सल्फाइड पुन्हा सल्फेट होते आणि धातू मोकळा होतो. आता सांगा, ज्या वावरात दरवर्षी नांगर आणि वखर फिरतो, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, तेथे हवा न लागू देण्याची हमी कोण देणार? गंजाची गाठ याच्या उलट. ती हवेत टिकते आणि पाणी तुंबून हवा संपली की सुटते. म्हणून एकच बाटली सर्व गावांना असा प्रकार चालत नाही. धातू कोणता, जमीन कशी, पाणी कोठवर चढते, पीक कोणते, हे पाहिल्याशिवाय औषध देणारा तो वैद्य नव्हे, फेरीवाला.

शिवाय सडक्या अंड्याच्या वासाचा वायू कोंडल्या जागी माणूस मारतो. असले खड्डे गावाच्या वस्तीत, शाळेच्या मागे, कोणाच्याही देखरेखीविना नकोत.

आणि कुलूप लावले तरी माल आतच आहे. पन्नास वर्षांनी तुमचा नातू तेथे विहीर खणेल. त्याला कोण सांगणार की खाली काय कोंडले आहे? सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो. खाणीच्या विषाचा बोजा चढवायला मात्र रकाना नाही.

जपानच्या शेतकऱ्यांनी काय केले

जपानमध्ये जिंझू नदीकाठी भाताची शेती आहे. वरच्या अंगाला कामिओकाची शिसे-जस्ताची खाण होती. तिचे कॅडमियम नदीतून पाटात, पाटातून भातात, भातातून बायकांच्या हाडांत गेले. हाडे नुसत्या खोकल्याने मोडू लागली. लोक त्या रोगाला इताई-इताई म्हणाले, म्हणजे “दुखतं, दुखतं”. १९६८ साली सरकारने तो खाणीच्या प्रदूषणाचा रोग असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी रोग्यांनी कंपनीवर दावा लावला. १९७१ साली खालच्या कोर्टात जिंकले, १९७२ साली वरच्या कोर्टात जिंकले.

भरपाईवर ते थांबले नाहीत. त्यांनी कंपनीकडून लिहून घेतले की शेतकरी आपले शास्त्रज्ञ घेऊन खाणीची तपासणी करायला येतील, तेव्हा फाटक उघडायचे, मागतील ते कागद दाखवायचे आणि तपासणीचा खर्च कंपनीने करायचा. वर्षामागून वर्षे शेतकरी त्या खाणीत जात राहिले. नदीतले कॅडमियम उतरत उतरत नैसर्गिक पातळीवर आले. जमिनीचे काम १९७९ साली सुरू झाले आणि २०१२ साली संपले. विषारी थर खाली गाडून वर चांगली माती घातली. ८६३ हेक्टरला ३३ वर्षे आणि सुमारे ४ हजार ७० कोटी येन लागले.

तेथे कोणी बाटली घेऊन आले नाही. आधी नळ बंद केला, मग फरशी पुसली. आपल्याकडे साहेब नळ चालू ठेवून पुसायचे फडके दाखवत आहेत.

कायदा आहे, पैसाही आहे

कायदा नाही असे कोणी सांगितले तर त्याला बिछडीचे नाव सांगा. राजस्थानात उदयपूरजवळचे हे गाव. १९८८ च्या सुमारास तेथल्या रसायनाच्या कारखान्यांनी विषारी गाळ उघड्यावर टाकला. विहिरींचे पाणी लाल झाले, पिण्याच्या आणि ओलिताच्या कामाचे राहिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल दिला: घातक धंदा करणाऱ्याने काळजी घेतली असो वा नसो, झालेले नुकसान आणि जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च त्यानेच द्यायचा. तरी कारखानदारांनी वेळ काढली. २०११ साली न्यायालयाने पुन्हा खडसावले आणि ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये चक्रवाढ व्याजासह भरायला सांगितले. शेतकऱ्याचे कर्ज थकले की पंधरा वर्षे कोणी थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

पैसा नाही असे सांगितले तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे नाव सांगा. २०१५ च्या कायद्याने खाणवाल्याने जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर १० टक्के इतकी रक्कम या प्रतिष्ठानात भरायची आहे. खाणीने बाधित झालेल्या माणसांसाठीच हा पैसा आहे, आणि प्रदूषण आवरणे हे त्याच्या अग्रक्रमाच्या कामांत लिहिलेले आहे. कोळसा खाणी बंद करण्याबाबत २००९ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये या दराने वेगळ्या खात्यात ठेव ठेवण्याचे बंधन घातले गेले. या रकमेतून आपल्या जिल्ह्यात किती मातीचे नमुने तपासले गेले? रस्ते, कमानी आणि सभामंडप किती झाले? हा हिशेब लेखी मागायचा आहे.

भांडण कोणाशी?

आमचे भांडण विज्ञानाशी नाही, हे स्पष्ट सांगतो. काही मंडळी लगेच म्हणतील की जिवाणू म्हणजे नवे संकट, हात लावू नका. त्यांना विचारा, रायझोबियम चोळताना, दही लावताना भीती वाटली नाही ती आताच का? विषाबरोबर राहा पण विद्येला शिवू नका, हा उपदेश ज्यांचे वावर ढिगाखाली नाही त्यांनाच परवडतो.

आमचे भांडण आहे ते विद्येच्या आड लपणाऱ्याशी. “जिवाणू साफ करतील” या वाक्यात कर्ता जिवाणू आहे. खाणवाला त्या वाक्यातून गळालाच! घाण करणारा वाक्यात नाही, खर्च करणारा नाही, जबाबदार अधिकारी नाही. सारे काम डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाच्या माथी. तो चुकला तर कोर्टात कोणाला उभे करणार?

दुसरा धोका दुकानाचा. जिवाणू खतांच्या नावाने माती आणि कोळशाची भुकटी विकणारे आपण पाहिले आहेत. २००६ सालापासून ती खते नियंत्रण आदेशात आली, भुकटीच्या पाकिटात ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत असा नियम झाला. नियम झाला तरी पाकीट उन्हात पडून मेलेले निघते. उद्या “जमीन शुद्धी” नावाची बाटली कृषी सेवा केंद्रात आली तर एक रुपयाही देऊ नका. ज्याने घाण केली त्याने, त्याच्या खर्चाने, शास्त्रज्ञांच्या देखरेखीत करायचे हे काम आहे. शेतकऱ्याने उधारीवर घ्यायची ही निविष्ठा नव्हे.

आमच्या मागण्या

एक. खाणीच्या परिसरातील प्रत्येक गावात माती, विहीर आणि नाला यांची शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांसाठी तपासणी करा. एकूण धातू किती आणि पिकाला उचलता येण्याजोगा किती, दोन्ही आकडे द्या. निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

दोन. आधी ढीग आणि पाझर बंद करा. ढिगाभोवती चर, धुळीवर आवरण आणि खाणीबाहेर पडणाऱ्या पाण्यावर प्रक्रिया झाल्याशिवाय वावरातल्या सफाईचे नाव काढू नका.

तीन. जिवाणूंचे काम खाणीच्या हद्दीत सुरू करा. गंधकाची गाठ मारणाऱ्या खड्ड्यांना शेण, काड, भुसा आणि चुनखडीचा दगड लागतो. ते आमच्याकडून घ्या, पण भाव ठरवून घ्या. शेणखत आणि पऱ्हाटी समाजसेवा म्हणून मिळणार नाही. आणि गाळातून धातू विकण्याजोगा निघाला तर त्या पैशाचा हिशेबही गावापुढे ठेवा.

चार. कोणाच्याही वावरात प्रयोग करायचा तर मालकाची लेखी संमती, त्या हंगामाच्या पिकाची पूर्ण भरपाई आगाऊ, आणि विहिरीच्या नायट्रेटची आधी व नंतर तपासणी. प्रयोग फसला तर जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी खाणवाल्याची.

पाच. जपानी शेतकऱ्यांनी मिळवला तसा फाटकाच्या आत जाण्याचा हक्क आम्हाला द्या. वर्षातून एकदा, आमच्या पसंतीचा शास्त्रज्ञ, खाणवाल्याच्या खर्चाने.

सहा. सफाईमुळे भरपाई रद्द होत नाही. गेलेल्या हंगामांचे पैसे वेगळे, पुढच्या सफाईचा खर्च वेगळा.

बैठकीला येताना

नुसत्या घोषणांनी हे काम होणार नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने मातीचे दोन नमुने आणावेत. एक खाणीला किंवा नाल्याला लागून असलेल्या वावरातला, दुसरा गावाच्या विरुद्ध अंगाच्या, लांबच्या वावरातला. दुसरा नसेल तर पहिल्याला तुलना नाही, आणि साहेब पहिल्या वाक्यात तुमचा नमुना उडवून लावतील. एका वावरात आठ-दहा ठिकाणी सहा इंच खोल खड्डा करा, कडेची माती लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. गंजलेले खुरपे किंवा जस्ताचा मुलामा असलेले घमेले वापरू नका, त्यांचाच धातू नमुन्यात येतो. सारी माती एकत्र करून सावलीत वाळवा, अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरा. आत चिठ्ठी टाका: गट नंबर, गाव, तारीख, पीक, खाणीपासूनचे अंतर. बरोबर सातबाऱ्याची नक्कल आणि मागच्या पंचनाम्याची प्रत असू द्या. विहिरीचे पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, काठोकाठ भरून.

या पिशव्या आम्ही गावागणिक क्रमांक घालून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहोत, पोच घेणार आहोत, आणि खनिज प्रतिष्ठानच्या पैशातून त्यांची तपासणी मागणार आहोत. मागच्या सभेत पडद्यावर चित्रे त्यांनी दाखवली. या वेळी माती आपण दाखवू.